मार ग्रुएसा

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी एलादिओने
होडीच्या नोंदवहीत दोनच शब्द लिहिले: मार ग्रुएसा.
पुढचं पान कोरं. त्यापुढची मिठाने चिकटलेली.
होडी खडकांत अडकलेली सापडली. तो नाही.

वही माझ्याकडे आली गुरुवारी, प्लास्टिकच्या पिशवीतून,
सोबत ब्रिस्टलच्या विमा कंपनीचं पत्र:
इंग्रजी भाषांतर, शपथेवर, एकवीस तारखेच्या आत.

मार म्हणजे समुद्र. एवढं सोपं.
आमच्या गालिसियात शाळेतला समुद्र पुरुष असतो
आणि बंदरावरचा बाई.
ग्रुएसा, म्हणजे बाईच. म्हणजे जाड.
इंग्रजीत तिचं बाईपण उंबरठ्यावरच गळून पडलं,
त्यासाठी मी फार थांबले नाही.

थिक सी. लिहून पाहिलं.
ब्रिस्टलचा माणूस म्हणेल, ही बाई सूप ढवळतेय.

भिंतीवरचा तक्ता म्हणतो: लाटा अडीच ते चार मीटर, पायरी पाचवी,
स्पॅनिशमध्ये ग्रुएसा, इंग्रजीत रफ.
म्हणजे इकडची जाड तिकडे जाऊन खरखरीत होते.
होऊ दे बापडी.
पण कराराचं सातवं कलम सांगतं,
पाचव्या पायरीला होडी बंदरात बांधलेली हवी.
मी रफ लिहिलं, की ओब्दुलियाच्या हातात
एक सेंटही पडणार नाही.

ओब्दुलिया आली. कोट न काढताच बसली.
"तक्ता? त्याने कधी बघितलाय तक्ता?
पावाची चकती कापायची ती ग्रुएसा.
माझ्या बहिणीचा आवाज, ग्रुएसा.
एकदा धुक्यालाही म्हणाला.
मी म्हटलं, अरे, धुकं दाट असतं, एस्पेसा म्हणावं.
म्हणाला, तू म्हण."

मग समुद्र जाड म्हणजे कसा?
ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर फक्त बँकेची भिंत.
"वारा नाही. फेस नाही. पाणी नुसतं फुगतं,
झोपलेल्या गाईच्या पोटासारखं.
आणि होडी वर यायला उशीर लावते."

होडी वर यायला उशीर लावते.
हे मी पेन्सिलीने टिपून घेतलं.
तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं ते,
ती कधी त्या होडीत चढलीच नाही.
तिला पैसे हवे होते. ती खोटंही बोलत नव्हती.
दोन्ही एकाच खुर्चीत बसलं होतं, कोट घालून.

नोटरी दोन अर्तेमिओ म्हणतात, तळटीप नको,
तळटीप म्हणजे शंका, आणि शंकेचे ते पैसे कापतात.
हेवी लिहून टाका.
हेवी म्हणजे नक्की किती, कुणी विचारत नाही.

हेवी.
वजन आलं खरं.
चिमटीत धरून बघितलं तर हाताला काही लागेना.

निघताना तिने पिशवीतून एक मोजा काढला,
दुसरा घोट्यापर्यंत विणून सुया खोचून ठेवलेला.
"शनिवारी कोरुन्याला जाशील ना? ही लोकर संपलीय.
एवढी जाड आण. याहून बारीक नको."
मोजा कुणासाठी पुरा करायचा, मी विचारलं नाही.
धाग्याचा तुकडा मागितला, तर म्हणाली, तोडवत नाही.
माझा अंगठा आणि पहिलं बोट धरून
तिने धाग्याभोवती दाबलं.
"एवढी."
मग धागा अलगद ओढून घेतला.

बोटं तशीच ठेवून मी जिना उतरले.
डाव्या हाताने किल्ली, डाव्या हाताने दिवा,
काल्दो डाव्या हाताने, थोडं टेबलावर सांडलं.
मधली फट मिटू दिली नाही.

शपथपत्र तिसऱ्या ओळीशी थांबलंय.
टाइप करायला मला दहा बोटं लागतात,
आणि आज आठच मोकळी आहेत.